दहा राग आणि एक चंदेरी डबी

चरणजित सिंग यांचे चार चाहते एकत्र बसले की पहिल्या पाच मिनिटांत वाद पेटतो, आणि दर वेळी तो तोच असतो. अ‍ॅसिड हाउस म्हणून जे नृत्यसंगीत ओळखलं जातं, ते पहिल्यांदा वाजवलं कुणी? शिकागोच्या पोरांनी १९८७ साली, की मुंबईच्या सिनेमासंगीतात गिटार आणि कीबोर्ड वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाने १९८२ साली? एक बाजू तारखा पुढे करते. दुसरी म्हणते, नुसत्या तारखांवरून बाप ठरत नाही. मग कुणीतरी ती जुनी अफवा उकरून काढतो, की सिंग यांची ती १९८२ची तबकडी मुळात खरी नव्हेच. इंग्लंडातल्या एफेक्स ट्विन नावाच्या खोडकर संगीतकाराने ती गुपचूप बनवली आणि जुनी म्हणून खपवली. यावर सगळे हसतात आणि चहा येतो.

या वादात मी बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या खुर्चीत असतो. आमच्याकडे हे प्रकरण माझ्या भाच्याने आणलं. तो रात्री-बेरात्री क्लबांमधून तबकड्या वाजवणारा. आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, आयुष्यभर पेटीची साथ केलेले. भाच्याने त्यांना आदराने समोर बसवून त्या तबकडीवरचा मालकंस लावला. त्यांनी पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाले, "मालकंस आहे. वाद नाही. पण एवढी घाई कशाची रे?"

"काका, नाचायचंय त्यावर."

"मालकंसावर?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पण प्रश्न चांगला होता, आणि चाहत्यांच्या त्या नेहमीच्या भांडणापेक्षा कितीतरी कामाचा होता, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

ज्यांना ही हकिगत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चरणजित सिंग यांचा जन्म १९४०चा. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्यांकडे वाजवलेले वादक. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात गिटारच्या मागून जो गुंगी आणणारा, लांबत जाणारा सूर येतो, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अ‍ॅकॉर्डियनचा. स्वतःचा वाद्यवृंद होता, लग्नसमारंभांतून तो वाजायचा. नवं यंत्र दिसलं की ते घ्यायची हौस दांडगी. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी काढली. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक राग पाचेक मिनिटांचा. तबला नाही, तानपुरा नाही, गाणारं कुणी नाही. पहिल्या भैरवात तेवढा यंत्रातून काढलेल्या आवाजात शिवाचा जप येतो. बाकी सगळं तीन जपानी यंत्रांवर, तिन्ही रोलंड कंपनीची. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र, आणि टीबी-३०३ ही बेस वाजवणारी चपटी चंदेरी डबी.

तबकडी पडली. कुणी घेतली नाही. वीस वर्षांनी, २००२मध्ये, एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात सापडली. ऐकून तो चक्रावला. पुढे मुंबईत येऊन त्याने वादकाला गाठलं, आणि २०१०मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर ती पुन्हा काढली. मग लेख आले, मुलाखती आल्या, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन विशी-तिशीतल्या पोरांसमोर भैरव आणि कलावती वाजवू लागले. जुलै २०१५मध्ये ते मुंबईत वारले. म्हणजे ही दुसरी खेळी जेमतेम पाच वर्षांची.

आता ती चंदेरी डबी. मी ती एकदा हाताळली आहे. खोका हलका, प्लास्टिकचा, मांडीवर मावेल एवढा. खाली एका सप्तकाची इवलीशी बटणं, पियानोच्या पट्ट्यांसारखी मांडलेली, पण बोट धड बसत नाही इतकी लहान. वर गोल खुंट्यांची एक रांग. तादाओ किकुमोतो या रोलंडच्या इंजिनियरने हे यंत्र घडवलं ते एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकासाठी, की मागे कुणीतरी बेस धरून बसल्याचा भास व्हावा. भास काही होत नव्हता. आवाज खऱ्या बेससारखा मुळीच नव्हता, आणि सूर भरायची पद्धत डोकं फिरवणारी. आधी सगळे स्वर एकामागून एक भरायचे, मग पहिल्यापासून पुन्हा येऊन प्रत्येकाचा काळ भरायचा. मध्ये चुकलात की सगळं नव्याने. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४मध्ये कंपनीने नाद सोडला. उरलेले नग जुन्या मालाच्या दुकानांत मातीमोलाने गेले, आणि तिथूनच एक शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाच्या हाती पडला. त्यांना ते भरणं जमेना. म्हणून त्यांनी आत जे काही होतं ते तसंच चालू ठेवलं आणि वरच्या खुंट्या पिरगाळत बसले. त्यातून तो किंचाळत, चिघळत जाणारा आवाज निघाला. रॉन हार्डी या डीजेने ती टेप क्लबात लावली तेव्हा पहिल्यांदा लोक रिंगणातून बाहेर पडले म्हणतात. त्याने ती त्याच रात्री पुन्हा पुन्हा लावली, आणि चौथ्यांदा लोक वेडे झाले. शिकागोवाल्यांची ती १९८७ची तबकडी, ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’, ती हीच.

म्हणजे एकाच डबीची दोन आयुष्यं. शिकागोत ती न समजल्यामुळे वाजली. मुंबईत ती पुरती समजून घेऊन वाजवली गेली. चरणजित सिंगांनी ती बाजारात आल्यावर लवकरच सिंगापूरहून आणली होती, आणि तिच्यात रागाचे स्वर एकेक करून भरले होते. कुणी कुणाचं ऐकलेलं नव्हतं. शिकागोच्या पोरांना एचएमव्हीची ही न खपलेली तबकडी माहीत असण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे ‘जनक’ वगैरे पदव्या मला निरर्थक वाटतात. ज्याची ओळ पुढे कुणी उचललीच नाही तो परंपरेचा जनक कसा? आणि त्यांना ‘चुकून’ जनक झालेला म्हणणारे तर आणखी पुढचे. चूक काही झाली नव्हती. १९८० साली ‘कुर्बानी’, ८१ साली ‘डिस्को दीवाने’, ८२ साली ‘डिस्को डान्सर’. ज्याच्या-त्याच्या तोंडी डिस्को. रोज स्टुडिओत तेच वाजवणाऱ्या एका माणसाने ठरवलं की ठेका डिस्कोचा घेऊ, तबला बंद ठेवू, आणि वर राग वाजवू. अगदी सरळ, कामकरी डोक्याची योजना आहे ही.

पण साम्य येतं कुठून? इथे आमच्या पेटीवाल्या काकांनी एक गोष्ट दाखवली, जी चाहत्यांच्या शंभर वादांत मी ऐकली नव्हती. ते म्हणाले, डिस्कोच्या गाण्यात खालचे कॉर्ड बदलत राहतात. दोन ओळी इथे, दोन ओळी तिथे, मग परत. रागाला ते चालत नाही. रागात षड्ज हलत नाही. तो हलला तर राग मोडला. म्हणजे डिस्कोवर राग बसवायचा तर डिस्कोतलं सगळं सुरांचं घर पाडावं लागतं. उरतो काय, नुसता ठेका. त्याखाली एकाच षड्जाला धरून फिरणारी बेसची एक ओळ, जी तानपुऱ्याचं काम करते. आणि वर मोकळी सुरावट. शिकागोच्या पोरांनी पाच वर्षांनी गाणंबिणं सगळं काढून टाकून नेमकं हेच शिल्लक ठेवलं, ते वेगळ्या कारणाने: नाचणाऱ्याला समाधी लागावी म्हणून. दोघे दोन दिशांनी एकाच रिकाम्या खोलीत येऊन पोचले.

हे एकदा कानाला कळलं की तबकडी वेगळीच ऐकू येते. निवडलेले राग बघा. भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी: चारही औडव, पाचच स्वरांचे. बेसच्या डबीत एका वेळी सोळा घरं. पाच स्वर सोळा घरांत फिरवायचे म्हटलं की आकृती पक्की बसते, कान लगेच ओळखतो. सोळा घरं आणि तीनतालाच्या सोळा मात्रा हा योगायोग असेल; काका मात्र पहिल्या ऐकण्यातच गुडघ्यावर सम मोजत होते. आणखी एक. त्या डबीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. इतर कुणासाठी ती गंमत असेल, राग वाजवणाऱ्याला ती मींड आहे. ज्युपिटरच्या डाव्या हाताला सूर वाकवायचा दांडा आहे, त्याचं कामही तेच. एका हाताने वाजवायचं, दुसऱ्याने वाकवायचं. हवाइयन गिटारवर वर्षानुवर्षं सळई सरकवणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको.

म्हणजे सगळं छानच आहे, असं मी म्हणत नाही. भैरवाचा रिषभ आणि धैवत आंदोलित हवेत, ते इथे बहुतेक सरळ उभे आहेत. तोडीचा गंधार जितका उतरायला हवा तितका उतरत नाही, कारण यंत्राने बारा स्वर समान वाटून टाकलेत. ललितातले दोन मध्यम लागोपाठ येतात, पण पहाटेची ती कासाविशी येत नाही. यमन तर मला चक्क सपाट वाटतो. उलट मधुवंती आणि कलावती अशा काही धावतात की विचारू नये. कलावतीच्या शेवटाकडे वरच्या पट्टीत एक लडिवाळ हरकत येते. तिथे वादक यंत्र वाजवतो आहे हे मी विसरून जातो.

सुरांच्या या तक्रारी मराठी कानाला नव्या नाहीत. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन वाजत होता, तोही परदेशी, तोही बारा स्वरांत बांधलेला, आणि त्यावर दोन पिढ्यांनी यमन-भीमपलास ऐकून डोळे पुसले. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली ती तीन दशकं टिकली. तेवढ्या काळात गावोगावची भजनं, नाटकं, शिकवण्या पेटीवरच चालू होत्या. आमचे काका हेच आयुष्यभर ऐकत आले. त्यामुळे भाच्याने मोठ्या धीराने "काका, शुद्धतेचं काय?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाळा, माझ्या पेटीला चाळीस वर्षं लोक हेच विचारतायत. तू दुसरी बाजू लाव."

परदेशातल्या त्या मैफलींचे तुकडे बघायला मिळतात. चरणजित सिंग कीबोर्डपाशी, योहान्स वेस्टरमान हा डच जोडीदार यंत्रांची बाजू सांभाळतोय, समोर अंधारात हलणारी गर्दी. यावरही चाहत्यांमध्ये दोन तट आहेत, आणि हा वाद मला पहिल्यापेक्षा कितीतरी खरा वाटतो. एका तटाला हवी होती १९८२ची तबकडी, स्वरास स्वर. तीच यंत्रं, तोच ठेका, तोच भैरव. तिच्यासाठीच तर ते पैसे मोजून आले होते. दुसरा तट म्हणतो, माणूस समोर बसलाय तर त्याला वाजवू द्या की.

माझं मत उघड दुसऱ्या बाजूला आहे. पण पहिल्या बाजूचं दुखणंही मला समजतं. तबकडीवर प्रेम बसलं की तिच्यातली प्रत्येक खरखर आपली होते. एखाद्या नाट्यपदाच्या जुन्या ७८ आरपीएमवर मास्तर ज्या ठिकाणी श्वास घेतात, तिथे आपणही घेतो; उद्या तेच पद कुणी सरस गायलं तरी श्वासाची जागा चुकली म्हणून आपण कुरकुरतो. पण रागाचा धंदा याच्या नेमका उलटा आहे. कालचा मालकंस आज तसाच्या तसा वाजला तर इथे बैठकीतले जाणते उठून तपकीर ओढायला जातील. चरणजित सिंगांची अडचण अशी, की तीस वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांनी घेतलेली वळणं परदेशातल्या रसिकांसाठी संहिता बनली होती. तिथे राग म्हणजे एक गाणं. त्याला सुरुवात, शेवट आणि लांबी आहे. मुंबईतल्या वादकाच्या लेखी ते दहा राग म्हणजे दहा वाटा होत्या, ज्यांवरून तो कधीही कुठेही जाऊ शकत होता. त्या तुकड्यांत ते अधूनमधून तबकडी सोडून दुसरीकडे जातात, तिथे मला सर्वांत मजा येते. गर्दीला फरक कळत असेल की नाही, कोण जाणे. ती नाचत असते.

वेळेचा प्रश्न काकांनी त्या दिवशी काढलाच. "भैरव रात्री एक वाजता?" मी म्हटलं, तिथे पाच वाजेपर्यंत नाचतात, सकाळ जवळच असते. त्यांना ते पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं, पण मालकंसाची वेळ तरी युरोपच्या क्लबांनी बिनचूक साधली असं म्हणायला हरकत नाही.

पुनर्मुद्रण हा प्रकार मला एरवी थोडा संशयास्पद वाटतो. पश्चिमेचे संग्राहक आपल्याकडच्या धुळीतून काहीतरी उचलतात, त्याला जाड पुठ्ठ्याचं आवरण आणि लांबलचक टिपण जोडतात, आणि मग आपणच तिकडून मागवतो. कॅलगरीत ध्वनिमुद्रित झालेली रूपा बिस्वास यांची १९८२ची ‘डिस्को जॅझ’ २०१९ साली अमेरिकन लेबलने अशीच वर काढली. पण तक्रार करताना हेही बघायला हवं की एचएमव्हीच्या गोदामात जे पडून होतं, ते उचलायला आपल्यापैकी कुणी गेलं नव्हतं. आपल्याकडे संग्राहक नाहीत असं नाही. मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ १९९०पासून आहे, आणि तिच्या मंडळींनी गौहरजानच्या काळापासूनचं किती धन राखलंय ते ऐकणाऱ्यालाच माहीत. मात्र तिथला जीव ७८च्या लाखेत. डिस्कोच्या ठेक्यावरचा कलावती जपावा असं १९९०मध्ये कुणाला सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. रागवाल्यांच्या लेखी तो डिस्को, डिस्कोवाल्यांच्या लेखी तो राग. तो जपायला दोन्हींपैकी काहीच न कळणारा, पण कान उघडा असलेला डच माणूसच लागत होता, असं मला आता वाटतं. राग चुकलाय हे त्याला कळलं नाही, हेच बरं झालं.

आणि तरी या सगळ्या कौतुकात एक चमत्कारिक गोष्ट आहे. त्या काळच्या सिनेमाच्या तबकड्यांवर वादकांची नावं नसत. गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, पारशी अ‍ॅकॉर्डियनवाले, मराठी तालवादक, पंजाबी गिटारवाले, शंभर-शंभर जण एका ध्वनिमुद्रणाला बसत, आणि पुठ्ठ्यावर नाव संगीतकाराचं, गायकाचं, फार तर गीतकाराचं. चरणजित सिंगांनी शेकडो गाण्यांत वाजवलं ते असंच, बिननावाने. त्यांच्या स्वतःच्या नावाने निघालेल्या तबकड्याही आहेत. बहुतेक सिनेमाच्या चालींच्या, हवाइयन गिटार आणि ट्रान्झिकॉर्डवर वाजवलेल्या. लग्नाच्या हॉलात जेवणाच्या पंगतीमागे वाजायच्या त्या धर्तीच्या. मला त्या आवडतात. त्यांत वादक निवांत आहे, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, आणि अंतऱ्याच्या शेवटी सळई सरकवून घेतलेली एक लकेर अशी येते की मूळ गाणारीची आठवण पुसली जाते. परदेशी चाहत्यांची चर्चा या तबकड्यांपाशी क्वचितच येते, कारण त्यांत ती चंदेरी डबी नाही. भाचाही त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. फोर्टच्या फुटपाथवर आणि चोरबाजारात त्या अजून मधूनच दिसतात, रागांच्या तबकडीच्या मूळ प्रतीला मिळणाऱ्या किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या भावात. दुकानदार विचारतो, "डिस्कोवाली चाहिये क्या? वो नहीं है." मी म्हणतो, हीच द्या. काकांच्या घरी तबकडी वाजवायचं मशीन अजून चालू आहे. पुढच्या रविवारी दोन नेतोय.